आरोग्य प्रश्नोत्तरे : सुट्टी व्हायच्या आधी

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे आहेत. लकवा झाल्यामुळे धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती आहेत, परवा सुट्टी देणार म्हणतात. नाकात नळी आहे, लघवीचीही आहे, उजवी बाजू हलत नाही. आमचं घर मानेवाड्याला दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. चोवीस तास नर्स ठेवणं परवडणार नाही. काय तयारी करावी?

उत्तर : खाट आणि हवेची गादी भाड्याने एका फोनवर मिळते. नळीतून जेवण भरवायचा हात तसा मिळत नाही. म्हणून घरी रात्री जो जागणार आहे, त्याने सिस्टरसमोर किमान दोनदा स्वतः भरवून बघावं. नुसतं बाजूला उभं राहून पाहिलेलं ऐन वेळी आठवत नाही.

भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या. दरवेळी आधी नाकपुडीशी नळीवर केलेली खूण पाहा. खूण सरकली असेल तर भरवू नका, फोन करा. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला लावा, ३० मिली पाणी सोडा, मग दोनदा गाळलेलं पातळ अन्न साधारण २०० मिली, शेवटी पुन्हा ३० मिली पाणी. सगळं आपल्या वजनाने उतरू द्यायचं, पंधरा-वीस मिनिटं लागतात. दट्ट्याने ढकललं की उलटी होते आणि अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. मध्येच ठसका लागला किंवा धाप लागली तर लगेच थांबा. नळी निघून आली तर घरी पुन्हा घालायचा प्रयत्न नको.

गोळ्या कुटून देता येतात, पण सगळ्या नाही. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर असलेली गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. अशा गोळ्यांना पर्याय आधीच लिहून घ्या.

आता घरातला औषधांचा जुना डबा. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. त्यात अ‍ॅस्पिरिनची पट्टी असते, आणि दवाखान्याने दिलेल्या कॅप्सूलमध्ये बरेचदा अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल (दोन्ही रक्त पातळ ठेवणारी औषधं) एकत्र असतात. कंपनीचं नाव वेगळं म्हणून घरचे पट्टी आणि कॅप्सूल दोन्ही देतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. डबाच दवाखान्यात न्या आणि ‘यातलं काय बंद, काय चालू’ हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. दोन्ही नळ्या कधी बदलायच्या, ती तारीखही तिथेच.

जिन्यातून नेताना दोन-तीन दणकट माणसं लागतील, रुग्णवाहिका ठरवतानाच तसं बोलून ठेवा. निघण्याआधी लघवीची पिशवी रिकामी करा. उचलणारे ती हमखास पेशंटच्या पोटावर ठेवतात, मग लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि जंतुसंसर्ग होतो. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. नळी मांडीला चिकटपट्टीने लावा. घरी चार तास पिशवीत काहीच आलं नाही, तर नळी कुठे दुमडली किंवा अंगाखाली दबली का ते पाहा. तसं नसेल तर डॉक्टरांना कळवा.

हवेच्या गादीवरही दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. पांढरा पडला नाही तर बेडसोरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा. त्यावर चोळू नका. मेमध्ये रेक्झिनखाली घाम साचतो, वर सुती चादर हवीच. आणि वीज गेली की पंप बंद पडून गादी बसते, तेव्हा कूस बदलायला विसरू नका.

शुद्ध हरपत चालली, श्वास जड झाला, दुसऱ्या बाजूलाही अशक्तपणा आला, तर १०८.

प्रश्न : आईला नागपूरच्या मेडिकलमधून (सरकारी रुग्णालयातून) सुट्टी मिळाली, गडचिरोलीकडे गावी न्यायचं आहे. इन्सुलिन सुरू झालंय, घरी फ्रीज नाही. उन्हाळ्यात टिकेल का?

उत्तर : उघडलेली बाटली ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते, पण आपल्याकडच्या ४५ अंशांत खोलीत ठेवून नाही. लहान मडकं ओल्या वाळूत ठेवा, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून मडक्यात, वर ओलं फडकं. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा. प्रवासात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि बर्फाला थेट टेकवूही नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. न उघडलेल्या बाटल्या गावातल्या फ्रीज असलेल्या घरी किंवा मेडिकल स्टोअरमध्ये ठेवा. एका वेळी एकच आणा.