हॅवलॉकची स्कूटर आणि अमळनेरचं लायसन्स

प्रश्न : वकीलसाहेब, मी अमळनेरचा. बियाणे कंपनीत फिरतीची नोकरी आहे, रोज मोटारसायकलवर चोपडा, पारोळा, धरणगाव असं फिरणं असतं. जानेवारीत मंडळींना घेऊन अंदमानला गेलो होतो. हॅवलॉकला जेटीबाहेर एकाकडून सहाशे रुपये रोजाने स्कूटी घेतली. त्याने दोन हजार डिपॉझिट आणि माझं मूळ लायसन्स ठेवून घेतलं. पावती दिली नाही. दुपारी ब्रेक कमी लागतोय असा मेसेज केला, तर उत्तर आलं, 'चलेगा भैया, स्लो चलाओ.' राधानगर बीचवरून सूर्यास्त पाहून परतताना उतारावरच्या वळणात गाडी घसरली. मंडळींचं कोपर खरचटलं, दुसऱ्या कुणाला काही लागलं नाही. आरसा फुटला, बाजूचं पॅनल घासलं, ब्रेकची लिव्हर वाकली. त्याने अठरा हजार मागितले. डिपॉझिट तर परत दिलंच नाही. सकाळी आमची बोट होती आणि तो लायसन्स सोडेना. शेवटी सात हजार यूपीआयने दिले आणि 'उरलेले नऊ हजार पंधरा दिवसांत पाठवीन' असं लिहून सही केली. तरी लायसन्स त्याच्याकडेच आहे. आता रोज धमकीचे मेसेज येतात : पोर्ट ब्लेअरला पोलीस केस करतो, तुमच्या कंपनीत कळवतो. पैसे द्यावेच लागतील का? केस झाली तर तिकडे जावं लागेल का? मित्र म्हणतो, लायसन्स हरवल्याची तक्रार दे आणि दुसरं काढ. गाडी घेतानाचा फोटो सोबत पाठवतो. शिवाय माझे साडू पुढच्या महिन्यात अंदमानातच नील बेटावर निघालेत, त्यांनी काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवा. लायसन्स हरवलेलं नाही. ते कुणाकडे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्याचे पुरावे तुमच्याच फोनमध्ये पडलेत. पोलीस ठाण्यात 'हरवलं' असं लिहून द्याल, आरटीओत तशाच अर्थाचं प्रतिज्ञापत्र कराल आणि उद्या तो माणूस लायसन्सचा फोटो काढून पुढे करेल. मग या सगळ्या प्रकरणात लेखी खोटं बोललेले तुम्ही एकटेच सापडाल. आज तुमची बाजू बरीच भक्कम आहे, ती स्वतःच्या हाताने कशाला पाडता?

रोजच्या फिरतीचा प्रश्न त्याहून सोपा आहे. २०१८ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स वाहतूक पोलिसांना चालतं. आजच ॲप घ्या, आधार जोडा, लायसन्स उतरवून घ्या. दाखवताना स्क्रीनशॉट नको, ॲप उघडूनच दाखवा. तुमचं लायसन्स जुन्या पुस्तकी काळातलं असेल आणि ॲपमध्ये दिसत नसेल, तर आरटीओत जाऊन त्याची संगणकावर नोंद करून घ्यावी लागेल. एवढं झालं की त्या कार्डावाचून तुमचं काही अडत नाही. लायसन्स अडकलंय म्हणून तुम्ही झुकाल, या एका भरवशावर तो माणूस बसला आहे. तो भरवसाच त्यामुळे संपतो.

आता मूळ मुद्दा. नऊ हजारांच्या त्या कागदाला तुम्ही फार घाबरलात. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १५ सांगतं की करार करायला लावण्याच्या हेतूने एखाद्याची वस्तू बेकायदा अडकवून ठेवणं, किंवा तशी धमकी देणं, ही जबरदस्ती आहे. अशा जबरदस्तीने घेतलेली संमती कलम १९ खाली तुम्हाला रद्द करता येते आणि त्या दबावाखाली दिलेले पैसे कलम ७२ खाली परत मागता येतात. समोरचा म्हणेल, लायसन्स तर यांनीच हाताने दिलं होतं. दिलं होतं, पण गाडी परत येईपर्यंतची हमी म्हणून. गाडी परत आली, त्याने पाहून ताब्यात घेतली, त्यानंतर ते कार्ड एक मिनिटही ठेवायचा हक्क त्याला उरला नाही. लायसन्स ही गहाण टाकायची वस्तूच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ खाली पोलीस किंवा अधिकृत अधिकारी ते जप्त करू शकतात, आणि त्यांनाही तात्पुरती पोच द्यावी लागते. स्कूटीवाल्याला हा अधिकार कोणी दिला?

दुरुस्तीच्या खर्चाकडे वळू, कारण इथे तुम्हीही पूर्ण मोकळे नाही. भाड्याने घेतलेली वस्तू आपल्या वस्तूसारखी जपायची, हे करार कायद्याचं कलम १५१ सांगतं. पण त्याच्या अगोदरचं कलम १५० तुमच्या फार कामाचं आहे : वस्तू भाड्याने दिली असेल, तर तिच्यातल्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला देणारा जबाबदार, मग तो दोष त्याला माहीत असो वा नसो. आपल्याकडे भरीत पार्टीला मांडववाल्याकडून पातेलं आणलं आणि त्याचा कडा आधीपासून हलत असताना वांग्यांसकट निखळला, तर पातेल्याचे पैसे कोण मागेल? तुमच्या बाबतीत तर त्याला दोष माहीत होता. दुपारी २ वाजून ४० मिनिटांचा तुमचा मेसेज, खाली दोन निळ्या टिका आणि त्याचं 'चलेगा भैया'. अख्ख्या प्रकरणात याहून वजनदार कागद नाही. हा चॅट पुसू नका, फोन बदलू नका. पुढे दाखल करायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागेल. त्याचा नमुना कोणताही वकील देईल.

तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. डाव्या पॅनलवर, पायदानाच्या वर, वीतभर ओरखडा आधीपासून आहे. अपघातानंतर त्याने पाठवलेल्या फोटोत तोच ओरखडा नव्या नुकसानीत मोजलाय का, ते ताडून बघा. दुसरी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते : नंबरप्लेट पांढरी, अक्षरं काळी. म्हणजे गाडी खासगी नोंदणीची. भाड्याने देण्याच्या गाड्यांसाठी केंद्राची १९९७ ची रेंट अ मोटारसायकल योजना आहे, तिच्याखाली परवाना लागतो आणि अशा गाडीची प्लेट काळी, अक्षरं पिवळी असतात. गोव्याला तुम्ही पाहिली असतील. अशा रीतसर गाडीला साधं लायसन्स पुरतं, वेगळा बिल्ला लागत नाही.

खासगी गाडी भाड्याने फिरवणं हा मालकाचा परवान्याचा भंग झाला. हे त्याला पाठवायच्या नोटिशीत जरूर लिहा, पण त्यावरच फार आवाज करू नका, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम १९२अ गाडी वापरू देणाऱ्याइतकंच चालवणाऱ्यालाही लागू होऊ शकतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार दंड आहे. आणि समजा त्या वळणावर कुणी पायी चालणारा सापडला असता तर? परवान्याशिवाय भाड्याने दिलेली गाडी म्हटल्यावर विमा कंपनी हात वर करते. गाडीचं परमिट नसणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृत पाल सिंग यांच्या प्रकरणात म्हटलं आहे. तिथे कंपनीने जखमीच्या बाजूला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग निघाला होता. पण दाव्यात चालक म्हणून तुमचंही नाव आलंच असतं. कोपरावर निभावलं म्हणायचं.

हेल्मेटबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही, आणि ते मला खटकलं. चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही ते सक्तीचं आहे. नव्हतं घातलं, तर तो मुद्दा समोरचा काढणार हे धरून चाला. अंधाराचाही काढेल. अंदमान जळगावच्या इतकं पूर्वेला आहे की घड्याळ एकच असलं तरी सूर्य तिथे आपल्यापेक्षा साधारण तासभर आधी बुडतो. जानेवारीत सव्वापाचच्या आसपासच. राधानगर ते जेटी रस्ता दहा-बारा किलोमीटरचा, चढउताराचा आणि झाडीतला. अमळनेरच्या सवयीने सहा म्हणजे उजेड, असं आपण धरतो.

हे सगळं जमेला धरून माझं मत असं : आरसा, लिव्हर आणि खरोखर नव्याने घासलेल्या पॅनलचा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा अंदाज त्याच्याकडे लेखी मागा. करार कायद्याप्रमाणे वाजवी भरपाईच मागता येते, मनाला येईल तो आकडा नाही. तुमचे नऊ हजार त्याच्याकडे आधीच आहेत, सात यूपीआयने दिलेले आणि दोन डिपॉझिट. खरा खर्च त्याहून कमी निघाला तर फरक त्याने परत करायचा. मी तुमच्या जागी असतो तर ब्रेकच्या दोषावर बोट ठेवलं असतं, पण आरशासाठी फार ताणून धरलं नसतं.

पोलीस केसची धमकी पोकळ आहे. दुरुस्तीचे पैसे बाकी राहणं हा दिवाणी वाद आहे, गुन्हा नव्हे. उलट, पैसे काढण्यासाठी कंपनीत बदनामी करण्याची धमकी देणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१, म्हणजे धमकावणे, यात मोडू शकतं आणि कलम ३०८ च्या खंडणीपर्यंतही जाऊ शकतं. तक्रार अमळनेर पोलीस ठाण्यातही देता येते. घटना बाहेरची असली तरी शून्य क्रमांकाने नोंद करून ती पुढे पाठवायची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. पण हे हत्यार शेवटी काढा. नोटिशीनंतरही कंपनीत फोन गेला, तर मात्र थांबू नका.

त्याने दिवाणी दावा केलाच तर तो तिथे करू शकेल, कारण व्यवहार तिथला. मग वकिलामार्फत हजर व्हावं लागेल. नऊ हजारांसाठी तो तसं करेल असं मला वाटत नाही.

तुमचा दावा मात्र जळगावातच होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. समोरचा हॅवलॉकला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. मुदत दोन वर्षांची. एक खाचखळगा सांगून ठेवतो : तक्रारीत 'अनुचित करार' असं शीर्षक देऊ नका, तो विषय कायद्याने राज्य आयोगाकडे दिलेला आहे आणि तुमची तक्रार तेवढ्यावरून परत येऊ शकते. 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' असं लिहा. पावती न देणं हे दुसऱ्यात स्पष्टपणे येतं. तीन महिन्यांत निकाल असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतात हे जळगावच्या आयोगात बसलेल्या कुणालाही विचारा.

त्याआधी नोटीस. वकिलाची गरज नाही, स्वतः लिहा, हिंदीतून लिहा म्हणजे त्याला कळेल. स्पीड पोस्टाने पाठवा आणि तीच व्हॉट्सॲपवर टाका. पत्ता दुकानाच्या पाटीवरून आणि नाव यूपीआयच्या नोंदीवरून घ्या. हॅवलॉकचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम, तेव्हा पत्त्यात दोन्ही नावं घाला. मजकूर एवढाच : गाडी खासगी नोंदणीची असून भाड्याने दिलीत, ब्रेकचा दोष दुपारीच कळवला होता, गाडी परत केल्यावरही लायसन्स अडवून तुम्ही लिहून घेतलं, ती संमती मी रद्द करतो, पंधरा दिवसांत लायसन्स परत पाठवा, दुरुस्तीचा अंदाज द्या आणि जास्तीचे पैसे परत करा, यापुढे जे बोलायचं ते लेखी. रागाचा एकही शब्द नको. उत्तर आलं नाही तर त्या नोटिशीची प्रत जोडून, लायसन्स अडवून ठेवल्याची, हरवल्याची नव्हे, लेखी तक्रार पोलिसांत द्या आणि तिची पोच घेऊन दुय्यम प्रतीसाठी जळगाव आरटीओत जा. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही दरम्यान लावून बघा, कधी कधी तिथल्या एका फोननेच काम होतं.

साडूंचं म्हणाल तर नील, म्हणजे शहीद द्वीप, हॅवलॉकपेक्षा बरंच लहान आणि सपाट आहे. भरतपूरचा किनारा जेटीच्या जवळच आहे, लक्ष्मणपूर आणि सीतापूरला रिक्षा जाते, गुडघे धड असतील तर सायकलही पुरते. स्कूटी घ्यायचीच असेल तर काळी प्लेट बघून घ्यायची, विमा एमपरिवहनवर तिथेच उभं राहून तपासायचा, गाडीभोवती फिरत व्हिडिओ काढायचा आणि दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. लायसन्सची झेरॉक्स द्यायची. मूळच पाहिजे म्हणाला, तर शेजारच्या गाडीवाल्याकडे जायचं.