विज्ञान एवढं पुढे गेल्यावर तत्त्वज्ञान कशाला हवं?

"सगळं प्रयोगाने ठरतं, मग तत्त्वज्ञानाचा काथ्याकूट कशाला?" असं तुम्ही विचारलंय. हे वाक्य मला खुपतं, कारण असंच म्हणत भौतिकशास्त्राने एक मोठा प्रश्न जवळपास तीस वर्षं बासनात गुंडाळून ठेवला.

१९३५ साली आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांच्या लेखाने वाद पेटवला: मोजण्याआधीच कणाचा गुणधर्म ठरलेला असतो का? क्वांटम सिद्धांताच्या (अणू-कणांच्या पातळीवरच्या भौतिकशास्त्राच्या) जनकांपैकी एक असलेल्या नील्स बोरने उत्तर दिलं आणि बहुतेकांनी विषय मिटला असं धरलं. भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलीने १९५४ च्या पत्रात या प्रश्नाची गणना सुईच्या टोकावर किती देवदूत बसतात, असल्या वादांत केली. १९६४ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने त्यातूनच तपासता येईल अशी मर्यादा काढली. १९६९ साली चौघांनी तिला प्रयोगात उतरेल असं रूप दिलं. त्यांतला अॅबनर शिमोनी तत्त्वज्ञान आणि भौतिकशास्त्र दोन्हींत डॉक्टरेट केलेला होता.

त्या प्रयोगाची मांडणी अशी. फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) जोडीतला एक डावीकडे, एक उजवीकडे. डावा पोलरायझर (कोनानुसार प्रकाश गाळणारी चाळणी) ० किंवा ४५ अंशांवर, उजवा २२.५ किंवा ६७.५ वर, दर बाजूचा निकाल +१ किंवा −१. दर कोनजोडीसाठी दोन्ही निकालांच्या गुणाकाराची सरासरी काढा. तिघींची बेरीज करा, ० आणि ६७.५ वाली वजा करा. निकाल आधीच ठरलेले असतील आणि पलीकडच्या कोनाचा इकडे परिणाम नसेल, तर बेरीज २ च्या वर जाऊच शकत नाही: डावीकडचे ० आणि ४५ अंशांचे निकाल अ, अ′ आणि उजवीकडचे २२.५ आणि ६७.५ चे ब, ब′ धरले, तर अ(ब−ब′) + अ′(ब+ब′) यात एक कंस नेहमी शून्य, दुसरा ±२. क्वांटम सिद्धांत २.८२८ सांगतो. १९८२ साली पॅरिसजवळ ओर्से इथे भौतिकशास्त्रज्ञ आलँ आस्पेच्या गटाला २.६९७ मिळाले.

इथेही प्रयोग एकटा पुरत नाही. बरेच फोटॉन शोधकातून निसटतात. सापडलेले हे सगळ्यांचे प्रामाणिक प्रतिनिधी आहेत, हे गृहीतच धरावं लागतं. ही पळवाट आणि मोजणीच्या वेळी एका टोकाकडून दुसऱ्याकडे निरोप पोचू शकण्याची पळवाट, दोन्ही एकाच प्रयोगात बंद व्हायला २०१५ उजाडलं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये १.३ किमी अंतरावरच्या हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन वापरले, २४५ वेळा मोजलं, तीच बेरीज आली २.४२. या पळवाटा दाखवणं म्हणजे गृहीतकं वेगळी काढणं, आणि ते तत्त्वज्ञानाचंच काम आहे.

अर्थात सगळंच तत्त्वज्ञान या तोडीचं नसतं. यावरून अद्वैत सिद्ध झालं म्हणणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नका. प्रयोगाने एवढंच दाखवलं की निकाल आधीच ठरलेले असणं आणि पलीकडच्या कोनाचा परिणाम नसणं, अशा वरच्या गृहीतकांपैकी निदान एक सोडावं लागतं. कोणतं, यावर आजही एकमत नाही. भौतिकशास्त्र शिकत असाल तर बेलचा १९६४ चा लेख स्वतः सोडवा. जेमतेम सहा पानांचा आहे.