वाचक विचारतात : पोरांची निवडणूक, मोठ्यांची निवडणूक

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि जुलैत शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकांची घाई सुरू होते. या खेपेच्या पत्रांत तोच विषय जास्त आहे. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट 38, शिक्षक दोन. मुख्यमंत्री आम्ही हात वर करून निवडतो आणि दरवर्षी सगळे हात एकाच मुलासाठी वर जातात. यंदा खरं मतदान घ्यायचं आहे. मोबाइलवरचं मतदान यंत्राचं अॅप वापरावं की कागद? (शिक्षिका, ता. आर्वी)

उत्तर : कागद. हात वर करण्यातली अडचण तुम्ही ओळखलीच आहे. पहिलीतलं पोर आधी चौथीतल्या दादाकडे बघतं, मग आपला हात उचलतं. अॅपमध्ये बटण आणि आवाजाची मजा आहे, पण फोन गुरुजींचा, तो धरून उभे गुरुजीच. वर भरमतदानात कुणाचा तरी सुप्रभातचा मेसेज पडद्यावर येतो. मुख्य म्हणजे फोन आतल्या आत बेरीज करून टाकतो आणि मोजणी पोरांना दिसतच नाही. निवडणुकीतली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्टच तशी हातची जाते. अॅप पुढच्या वर्षी, मोजणी एकदा डोळ्यांनी पाहून झाल्यावर वापरा.

ए-फोर कागदाच्या आठ चिठ्ठ्या होतात. पाच कागदांत 40 निघतात, पण सहा कागद घ्या. पहिलीतली दोन-तीन मुलं चिठ्ठी नक्की खराब करतात आणि त्यांना दुसरी द्यावी लागते. चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव आणि चिन्ह, एकाखाली एक. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं म्हणून चिन्हं आली, तुमच्या पहिलीच्या वर्गालाही ती त्याच कारणासाठी हवीत. कोणत्याही पक्षाचं चिन्ह नको, नाहीतर घरी जाऊन वेगळंच महाभारत. बंडी, छत्री, शिडी, संत्रं चालेल. मात्र संत्रं आणि माठ एकाच चिठ्ठीवर ठेवू नका, काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये दोन्ही गोल गरगरीत दिसतात.

शिक्का म्हणून स्टॅम्प पॅडवर अंगठा बुडवून चिन्हासमोर उठवायचा. इथे हमखास घोळ होतो. ओल्या शाईची चिठ्ठी आडवी दुमडली की खालच्या उमेदवारासमोरही ठसा उमटतो आणि मोजताना भांडण लागतं. म्हणून चिठ्ठी आधी उभी दुमडायला शिकवा, म्हणजे उठलेला ठसा त्याच ओळीत पडतो. मग आडवी. खऱ्या मतपत्रिकेची घडीही याच क्रमाने घालतात. चिठ्ठीमागे तुमची सही असावी, मुलाचा हजेरी क्रमांक कधीही नको.

आडोशाला पुठ्ठ्याचं मोठं खोकं तीन बाजूंनी उभं करा, पण त्याची उघडी बाजू खिडकीकडे येऊ देऊ नका. खिडकीबाहेर चौथीची टोळी उभी असतेच. टेबल पहिलीच्या पोराच्या छातीइतकं असावं. बोटाला स्केचपेनची खूण पुरे. खरी शाई मिळाली तरी लावू नका. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीवर काळं पडतं आणि नखावरची खूण नख वाढून पुढे सरकेपर्यंत राहते.

मतदानाआधी पेटी उलटी करून रिकामी दाखवा आणि दोऱ्याने बांधा. लोकसभा-विधानसभेतही यंत्रावर उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर आधी किमान 50 मतांचं अभिरूप मतदान घेऊन ती मतं पुसतात. मोजताना एकेक चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवायची आणि फळ्यावर चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. शेवटी वाटलेल्या आणि निघालेल्या चिठ्ठ्यांचा हिशेब जुळवायचा. 38 वाटल्या आणि 37 निघाल्या तर एक कुणाच्या तरी खिशात आहे, असते. मतं समसमान पडली तर चिठ्ठी टाका, कायदाही तेच सांगतो. सरपंचपदाच्या आरक्षण सोडतीत लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात हे पोरांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे पहिलीतल्या मुलीने काढलेली चिठ्ठी कुणी नाकारत नाही.

‘वरीलपैकी कोणी नाही’ (नोटा) हा रकाना ठेवा. भारत निवडणूक आयोगाच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांतला पहिला निवडून येतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी फेरनिवडणुकीचा नियम केला. तुमच्या शाळेत कोणता लागू हे अर्ज भरण्याआधी फळ्यावर लिहा, मोजणीनंतर नाही.

आणि एक अवघड गोष्ट. मुख्यमंत्र्याचं काम परिपाठाला सावधान-विश्राम म्हणण्यापुरतं असेल, तर पुढच्या वर्षी पोरं गंमत म्हणूनच मत देतील. त्याच्या हाती काहीतरी खरं द्या. शनिवारचा खेळ कोणता, वाचनपेटीतली पुस्तकं कोणत्या क्रमाने फिरवायची, हात धुवायच्या रांगेचा नियम काय. जे देता येणार नाही ते प्रचारात कबूल करू देऊ नका. ‘रोज खिचडीऐवजी जिलेबी’ ही घोषणा दरवर्षी कुठे ना कुठे निवडून येते.

प्रश्न : अंगणवाडीतल्या लेकरांना मतदान कळतं का? (अंगणवाडी सेविका, ता. मूल)

उत्तर : शब्द कळत नाही, कृती कळते. ‘आज गोष्ट की गाणं’ इतकाच प्रश्न घ्या. दोन डबे, एकावर पुस्तकाचं चित्र, दुसऱ्यावर ढोलकीचं. डबे आरपार दिसणारे नकोत, कारण जिकडे ढीग दिसतो तिकडेच पुढचं लेकरू टाकतं. मत म्हणून चिंचोके देण्याचा मोह होईल, पण ते नाकात जातात. शीतपेयाच्या बाटल्यांची झाकणं बरी.

मोजणी आकड्यात करू नका. झाकणं जमिनीवर दोन ओळींत, समोरासमोर एकास एक मांडा. लांब ओळ जिंकली. झाकणं विरळ मांडली तर चार वर्षांच्या मुलाला पाचांची पसरलेली ओळ सातांच्या दाट ओळीपेक्षा मोठी वाटते, म्हणून खडूने आधी चौकोन आखून घ्या. निकाल लागला की लगेच गोष्ट सुरू. उद्यावर टाकली तर झाकणांचा आणि गोष्टीचा संबंधच राहत नाही.

प्रश्न : माहा नातू साडेतीन वर्साचा हाय. मतदानाले निंगालो का पाठ सोडत नाही. त्याले आत नेता येते का? त्यानं बटन दाबलं त चालते का? (एक आजी, ता. दर्यापूर)

उत्तर : आजी, कडेवरचं मूल मतदाराबरोबर केंद्रात नेता येतं, नियमात तशी सोय आहे. तान्हं लेकरू घेतलेल्या बाईला रांगेत पुढेही सोडतात, सांगायला लाजू नका. तुमचा नातू कडेवर बसेल तर प्रश्न नाही. मात्र हात धरून चालणारा पाच-सहा वर्षांचा असता तर केंद्राध्यक्षांना आधी विचारावं लागलं असतं.

बटण मात्र तुम्हीच दाबा. मत गुप्त ठेवायचं असतं आणि साडेतीन वर्षांचं पोर बाहेर येऊन पारावर सगळं सांगतं. त्याच्या बोटाला शाई लावा म्हणून हट्ट धरू नका. विदर्भात लोकसभेचं मतदान एप्रिलच्या उन्हात येतं, 2024 मध्ये 19 आणि 26 एप्रिलला होतं. लेकरू न्यायचं तर सकाळी सातलाच निघा आणि पाण्याची बाटली सोबत घ्या.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर आमच्या गावात भाऊ भावाशी बोलत नाही. पोरांनाही हेच शिकवायचं का? (पालक, ता. दारव्हा)

उत्तर : प्रत्येक गोष्टीला मतदान लावलं तर हेच शिकतील. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेतं. एकमत झालं नाही तर विषय पुढच्या बैठकीला जातो. या गावाला 2009 मध्ये गावच्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे इतका मोठा कारभारही त्या पद्धतीने चालतो.

शाळेत दोन्ही करा. सहलीला कुठे जायचं यावर आधी दोन दिवस बोलू द्या आणि जमलंच नाही तर चिठ्ठ्या टाका. तान्ह्या पोळ्याला मात्र मतदानच बरं, सजवलेल्या नंदीबैलांवर एकमत आजवर कुठे झालेलं नाही. प्रत्येकाला दोन मतं द्या आणि स्वतःच्या नंदीला मत नाही हा नियम ठेवा. एकच मत दिलं की पोरं नियम मोडून ते स्वतःलाच देतात आणि निकालात वीस नंदी एकेका मतावर उभे राहतात.

प्रश्न : सहावीतल्या मुलीने वर्गात विचारलं, ‘बाबांनी रात्री पाकीट घेतलं, आता त्यांनाच मत द्यावं लागते का?’ मी गप्प बसलो. काय सांगायचं? (शिक्षक, ता. पुसद)

उत्तर : आधी हे की ‘कोणाकडून’ असं वर्गात विचारायचं नाही. गाव लहान असतं, ते नाव संध्याकाळपर्यंत मुलीच्या घरी पोचतं. मग सरळ उत्तर द्यायचं : नाही, द्यावं लागत नाही. पाकीट देणाऱ्याला मत कळत नाही, यंत्रावर मतदाराचं नाव नसतं. ‘आम्हाला सगळं समजते’ ही धमकीच असते. तरीही पैसे घेणं गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 मध्ये देणारा-घेणारा दोघंही येतात. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. खाऊ-पिऊ घालण्याला फक्त दंड आहे. हे सांगताना बापाला चोर ठरवू नका, पोरगी पुढच्या वेळी विचारणारच नाही.

वर्गात गुप्ततेचा प्रयोग दाखवता येतो. पाच मुलांना ‘छत्रीलाच मत देईन’ असं मोठ्याने कबूल करायला लावा, मग आडोशाला जाऊन हवं ते करू द्या. चिठ्ठ्या उघडल्यावर छत्रीची मतं पाचपेक्षा कमी निघाली तरी कोण फिरलं हे कुणालाच सांगता येत नाही. पोरं खूप हसतात आणि मुद्दा कळतो.

तक्रार करायची तर मोठ्यांनी. लोकसभा-विधानसभेच्या काळात सी-व्हिजिल अॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकला की 100 मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते. ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या असतात, तिथे तहसील कार्यालयातली निवडणूक शाखा गाठा.

प्रश्न : प्रचाराच्या गाडीवर पोट्टे टोप्या घालून घोषणा देतात. चालतं का? (ता. काटोल)

उत्तर : नाही. भारत निवडणूक आयोगाने 5 फेब्रुवारी 2024 रोजी पक्षांना स्पष्ट बजावलं आहे : घोषणा, पत्रकं वाटणं, रॅली, कशातही मुलांचा वापर नको. नेत्याने पोर उचलून फोटो काढणंही त्यातच येतं. आईबापाच्या सोबत सभेला आलेलं पोर नुसतं तिथे असलं तर तो भंग धरत नाहीत. गाडी दारापुढे आली आणि पोरगं चढायला निघालं, तर चालकाशी वाद घालू नका, पोराला खाली घ्या. वाटलेली टोपी मग त्याला घरी खेळायला राहू द्या.