इचिरोचा अटिट्यूड उचलला, रूटीन मात्र राहून गेलं

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, भाऊ जळगावकडचे, मुलगा अकरावी सायन्सला, सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळतो, मागच्या वर्षी स्टेट खेळून आला. तिथल्या एका होमरनची (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) रील चालली, दोन लाख व्ह्यूज झाले, लोकल पेपरात फोटो आला आणि खाली 'गॉड गिफ्ट' वगैरे. यंदा सिलेक्शन ट्रायलला नाव लागलं नाही तर त्याच रीलखाली लोकांनी धुतला. तेव्हापासून सकाळचं ग्राउंड बंद, पत्रकाराचा फोन आला तर कट करतो, आणि घरात कोणी काही बोललं की म्हणतो, इचिरोपण (जपानचा बेसबॉल स्टार) प्रेसला भाव द्यायचा नाही, टॅलेंट असलं की बाकीचं आपोआप होतं. भाऊंना विचारायचंय की टॅलेंट आहे की नाही हे ओळखायचं कसं, सायन्स सोडायचं म्हणतोय तर सोडू द्यायचं का, आणि या रील-पेपरच्या भानगडीचं काय करायचं.

पोराने माणूस एकदम भारी निवडलाय हो. फक्त त्याच्याबद्दल अर्धंच वाचलंय, आणि तेही सोयीचं अर्धं.

इचिरो सुझुकी जपानच्या आइची भागातल्या टोयोयामा गावचा, नागोयाच्या जवळ. सहावीत असताना त्याने शाळेत निबंध लिहिला होता, जपानमध्ये तो आजही फेमस आहे. त्यात त्याने लिहिलंय की मला फर्स्ट क्लास प्रोफेशनल बेसबॉल प्लेयर व्हायचंय, आणि पुढे चक्क हिशोब मांडलाय की तिसरीपासून वर्षाचे ३६० दिवस कडक प्रॅक्टिस चालू आहे, मित्रांशी खेळायला आठवड्यातून पाच-सहा तासच मिळतात. ग्राउंड झालं की रात्री विमानतळाजवळच्या बॅटिंग सेंटरला, तिथे मशीन बॉल टाकणार आणि हा मारणार. तर 'आपोआप' हा शब्द त्याला नका लावू देऊ.

आणि ट्रायलचं म्हणाल तर १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो टीम्स पोरं निवडतात तिथे, इचिरोचं नाव चौथ्या राउंडला आलं. ओरिक्स टीमने घेतला पण पहिली दोन वर्षं बराचसा वेळ खालच्या टीममध्येच गेला, कारण त्याची बॅटिंगची स्टाइल, पुढचा पाय लंबकासारखा झुलवून मारायची, तेव्हाच्या मॅनेजरला पटत नव्हती. खालच्या टीममध्ये त्याने तोंड पाडून बसायचं सोडून तिथे रन्स... सॉरी, क्रिकेटची सवय जात नाही... तिथे हिट्सचा (बॉल मारून बेस गाठला की एक हिट) रतीब घातला आणि पहिल्याच वर्षी त्या लीगचं बॅटिंग टायटल घेतलं. १९९४ ला अकिरा ओगी नावाचे नवीन मॅनेजर आले, ते म्हणाले तुझ्या पद्धतीने मार, त्याच वर्षी पोराने १३० मॅचेसमध्ये २१० हिट्स मारल्या, जपानमध्ये एका सीझनला २०० चा आकडा त्याआधी कोणी पार केला नव्हता. तेव्हा तो जेमतेम वीस-एकवीस वर्षांचा. एका माणसाला त्याच्यात काही दिसलं नाही, दुसऱ्याला दिसलं, आणि मधल्या काळात हा मारत राहिला म्हणून तर दुसऱ्याला दिसण्यासारखं काही उरलं होतं. तुमच्या मुलाची ट्रायल गेली तेव्हापासून तो मारतच नाहीये, मग पुढच्या सिलेक्टरने बघायचं काय?

२००१ ला अमेरिकेत सिएटल मरिनर्सकडे गेला तेव्हाही लोक म्हणत होते हा बारीक आहे, तिथल्या धिप्पाड गड्यांपुढे टिकायचा नाही. पहिल्याच वर्षी २४२ हिट्स, ५६ बेस चोरले (पिचर बॉल टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठला), रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) आणि एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू) दोन्ही एकाच सीझनला. २००४ ला २६२ हिट्स, म्हणजे एका सीझनमधल्या हिट्सचा जॉर्ज सिसलरचा १९२० सालचा २५७ चा रेकॉर्ड मोडला. आणि मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, पुढे २००९ ला ऑल-स्टार मॅचसाठी सेंट लुईसला गेला तेव्हा बायकोला घेऊन त्या सिसलरच्या कबरीवर फुलं ठेवून आला. ज्याचा रेकॉर्ड आपण मोडला त्याच्याकडे.

आता टॅलेंट. उगाच मी 'टॅलेंट वगैरे काही नसतं, सगळी मेहनत' असलं मोटिव्हेशनल ज्ञान देणार नाही, नजर आणि पायातला स्पीड त्याच्याकडे होताच, तो सगळ्यांकडे नसतो. पण तो स्वतः ते मोजतो कसं ते बघा. २०१३ ला जपान आणि अमेरिका मिळून त्याच्या ४००० हिट्स झाल्या, सगळे कौतुक करत होते आणि हा सांगत बसला की ४००० साठी ८००० च्या वर वेळा मी मान खाली घालून परत आलोय, अभिमान वाटत असेल तर त्या आठ हजाराला तोंड दिलं त्याचा. हिशोब अगदी खरा आहे, अमेरिकेतलं त्याचं करिअर ॲव्हरेज .३११, म्हणजे दहातल्या जवळपास सात वेळा अपयश, आणि तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च मानाच्या यादीत आहे. तुमचा मुलगा एका ट्रायलवर बसलाय.

दुसरं, २०१९ ला रिटायर झाला तेव्हा त्याचं म्हणणं होतं की इतरांपेक्षा जास्त मेहनत केली असं मी म्हणूच शकत नाही, मोजपट्टी आपल्या आतच असते, आपली लिमिट बघायची आणि तिच्या थोडंसं पुढे जायचं, रोज. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की टॅलेंट आहे का हे रीलवरून कळत नाही आणि एका ट्रायलवरूनही नाही. एक साधी वही करा. तीन महिने रोज किती बॉल मारले, किती नीट बसले, होम (जिथून बॅटिंग करतात) टू फर्स्ट बेस पळत किती सेकंदात, थ्रो किती लांब, एवढंच त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, तुम्ही नाही. तीन महिन्यांनी आकडे हलले असतील तर पुढचं बोलू. आणि वहीच भरली गेली नाही तर तेही उत्तरच आहे, त्यात रागावण्यासारखं काही नाही.

प्रेसचा मुद्दा. 'इचिरो प्रेसला भाव द्यायचा नाही' हे अर्धवट आहे हो. तयारी न करता आलेल्याचा फालतू प्रश्न असला की तो गप्प बसायचा किंवा कोरडं उत्तर द्यायचा हे खरं. इंग्लिश येत असून इंटरप्रिटर ठेवायचा, कारण आपल्या बोलण्याचा भलता अर्थ निघू नये. म्हणजे त्याचं म्हणणं साधं होतं, मी माझ्या कामाची तयारी करून येतो, तुम्ही तुमच्या कामाची करून या. पण तोच माणूस टोकियो डोममधली शेवटची मॅच संपल्यावर मध्यरात्री पत्रकारांसमोर बसला आणि जवळपास दीड तास बोलला, मध्येच विचारायचा मी काही विचित्र बोलतोय का, शेवटी म्हणाला आता भूक लागलीय. कंटाळून फोन कट करणारा माणूस असा बसत नाही.

प्रसिद्धीचंही तसंच. जपान सरकार पीपल्स ऑनर अवॉर्ड द्यायला निघालं, २००१ ला नाही म्हणाला, २००४ ला नाही, रिटायर झाल्यावरही नाही, आयुष्य संपत आल्यावर बघू म्हणाला. आपल्याकडे एखादं स्मृतिचिन्ह नाकारलं तरी गावभर चर्चा होते! मग २०२५ ला हॉल ऑफ फेमचं व्होटिंग झालं, ३९४ पैकी ३९३ मतं, एका पत्रकाराने मत दिलं नाही. इचिरो म्हणाला त्यांनी पुढे यावं, घरी बोलावतो, सोबत बसून गप्पा मारू. तो काही पुढे आला नाही, तेव्हा कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यातल्या भाषणात, आणि हे भाषण त्याने इंग्लिशमध्ये केलं बरं का, इचिरोने हसत सांगून टाकलं की त्या आमंत्रणाची मुदत आता संपली. एका माणसाच्या 'नाही'वर एवढंच. तुमच्या पोराने बावीस कमेंट्सचे स्क्रीनशॉट फोनमध्ये जपून ठेवलेत असं तुम्हीच लिहिलंय. ते आधी डिलीट करायला सांगा, मी गंमत नाही करत आहे.

आणखी एक गोष्ट त्याला नक्की सांगा, ही रीलवाल्यांना माहीत नसते. २०१८ च्या मे महिन्यात सिएटलने इचिरोला खेळायचं थांबवलं, टीममध्ये ठेवला पण मॅच नाही. वय ४४. त्याने काय केलं, उरलेला पूर्ण सीझन टीमबरोबर रोज प्रॅक्टिस केली, मॅच सुरू झाली की आत ड्रेसिंग रूममध्ये. रिटायरमेंटच्या वेळी तो म्हणाला की बाकी रेकॉर्ड्स कोणीतरी मोडेल, पण हे दिवस शेवटपर्यंत निभावले याचा थोडासा अभिमान वाटतो. टीममध्ये नाव नसताना ग्राउंडवर जाणं, म्हणजे बरोबर तेच जे तुमचा मुलगा सध्या करत नाहीये.

भाऊ, आता जरा तुमच्याकडे वळतो, राग मानू नका. पत्र नीट वाचल्यावर कळलं की ते इन्स्टा पेज मुलाचं नाही, तुम्ही चालवता. रील तुम्ही टाकली, पेपरवाल्याला फोटो तुम्ही पाठवलात, गॉड गिफ्ट हा शब्दसुद्धा बहुतेक घरातूनच गेला असेल. बापाचं कौतुक मला कळतं, माझ्या मुलीच्या खो-खोच्या मॅचला मीपण बाउंड्रीवर ओरडून आवाज घालवलाय, तिने नंतर दोन दिवस अबोला धरला होता. पण इचिरोच्या गोष्टीत वडीलही आहेत. त्यांनी त्याला लहानपणापासून रोज स्वतः ग्राउंडवर नेलं, बॉल टाकले, सगळं केलं, लोक त्या बाप-लेकाची उदाहरणं द्यायचे, आणि मोठा झाल्यावर मुलाने सांगितलं की त्या ट्रेनिंगमध्ये आपल्याला खूप त्रास झाला. जगातला एवढा मोठा प्लेयर घडला तरीही हे त्याच्या मनात राहिलं. तुम्ही इतके कडक नाही आहात हे पत्रावरून दिसतं, पण पेज मात्र सहा महिने बंद ठेवा, किंवा पासवर्ड त्याला देऊन टाका आणि काय टाकायचं ते तो ठरवेल. पत्रकाराचा फोन आला तर कट न करता 'सध्या प्रॅक्टिस चालू आहे, सांगण्यासारखं झालं की नक्की सांगतो' एवढं एक वाक्य बोलायला शिकवा. पुढे इंटरव्ह्यूला, नोकरीला, सगळीकडे उपयोगी पडेल.

सायन्सचं. आपल्याकडे बेसबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळून पगार मिळेल अशी जपान-अमेरिकेसारखी व्यवस्था नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. अजून एक, ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा बेसबॉल असतो आणि सॉफ्टबॉल महिलांचा, २०२८ ला लॉस एंजेलिसला दोन्ही परत येतायत पण टीम सहा-सहाच. म्हणजे मुलगा दोन्ही खेळतोय ते चांगलंय पण सगळा जोर सॉफ्टबॉलवर टाकताना हे माहीत असू द्या. स्वप्न बघू नये असं नाही, २०२६ चे एशियन गेम्स इचिरोच्याच आइची-नागोयाला ठरलेत आणि त्यात हे दोन्ही खेळ धरलेत, त्यातल्या मॅचेस मिळतील तशा त्याला जरूर दाखवा, एशियातल्या टॉप टीम्स आणि आपण यात किती अंतर आहे ते डोळ्यांनी दिसेल.

खेळाचा फायदा आपल्याकडे मिळतो तो वेगळ्या रस्त्याने. बारावीला खेळाडूंचे ग्रेस मार्क आहेत, त्याचा प्रस्ताव कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयात वेळेत गेला पाहिजे, दरवर्षी पोरं इथेच गंडतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, पण कुठला खेळ, कुठल्या लेव्हलची स्पर्धा आणि कितवा नंबर यावर सगळं ठरतं आणि सर्टिफिकेटची पडताळणी कडक असते, त्यामुळे सध्याचा जीआर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे बसून वाचा, व्हॉट्सॲपवर आलेला नको. स्टेटचं ओरिजिनल सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, फाइलला ठेवा.

सायन्स सोडायचं का हे त्याला कंटाळा कशाचा आलाय त्यावर आहे. तुमच्या पत्रात सकाळी सहा ते नऊ जेईईचा क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी टेस्ट सिरीज असं लिहिलंय, मला तर वाटतं त्याला फिजिक्स नकोय असं नाही, त्याला झोप हवीय. त्याने जेईई मागितली होती का, की शेजारच्याचा मुलगा करतो म्हणून? क्लास सोडून नुसतं सायन्स ठेवता येतं. बायोलॉजी घेतली असेल तर ती टिकवा, कारण खेळाच्या जवळ राहायचं असेल तर फिजिओथेरपी हा चांगला रस्ता आहे आणि त्याला बायो आणि नीटची परीक्षा लागते. कोचिंगकडे जायचं असेल तर कुठलीही डिग्री करून बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी), किंवा पतियाळाला एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा, कोणत्या खेळांना आहे ते त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये बघा. हे काहीच नको असेल आणि त्याला खरंच आर्ट्स-कॉमर्स आवडत असेल तर बदलू द्या, अकरावीत बदललेलं बारावीत बदलण्यापेक्षा बरं. फक्त ट्रायल गेल्याच्या रागात या महिन्यात निर्णय नको, वहीचे तीन महिने होऊ द्या.

शेवटचे दोन शब्द मुलाला, त्याला हे वाचायला द्या.

मित्रा, इचिरो रोज मॅच झाल्यावर स्वतःचा ग्लोव्ह स्वतः साफ करायचा, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) पुसायचा, पळताना घसरू नये म्हणून. तुझा ग्लोव्ह ट्रायलच्या दिवशीपासून माळ्यावर आहे असं बाबांनी लिहिलंय, आणि सध्या पाऊस चालू आहे. लेदरला बुरशी येते. आज उतरव, कोरड्या कापडाने पूस, सावलीत वाळव.

आणि भाऊ, इतक्या मोठ्या पत्रात व्ह्यूज किती, लाइक्स किती, पेपरात कितव्या पानावर सगळं आलंय पण पोरगा कुठल्या पोझिशनला खेळतो ते कुठेच नाही. पुढच्या पत्रात तेवढं कळवा, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) असेल तर मला वहीत अजून दोन कॉलम सांगायचेत.