ट्रॉली गेटवर दिली आणि गोळ्या आतच राहिल्या

मे महिना लागला की माझ्या फोनवर दोनच प्रकारचे फोटो येतात, आंब्याच्या पेट्यांचे आणि नव्या बॅगांचे. खाली एकच ओळ, "ताई, ही चालेल ना?" चार वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरला उभी होते, त्यानंतर २२ वर्षं ठाण्यात तिकिटांचाच धंदा, त्यामुळे विचारणाऱ्यांवर राग नाही. राग आहे तो त्या फॉरवर्डवर, जो दर सुट्टीत "आजपासून नवीन नियम" म्हणून फिरतो आणि ज्यात तारीखच नसते. एकेकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून यावेळी एकदाच लिहितेय.

हार्ड बॅग घ्यावी की कापडी? दुकानदार म्हणतो हार्डच घ्या. (नाशिक)

दुकानदाराकडे जो माल जास्त पडलाय तेच तो म्हणणार. दोन्ही चालतात. रिकाम्या बॅगेचं वजन विचारा, ते कोणी विचारतच नाही. देशातल्या प्रवासात इकॉनॉमीला बहुतेक ठिकाणी चेक-इनला १५ किलो मिळतात आणि तुमची बॅगच साडेचार किलोची असेल तर उरले किती ते तुम्हीच मोजा. हार्ड घ्यायचीच तर पॉलिकार्बोनेटची घ्या, ती दाबली तर आत जाते आणि परत वर येते, स्वस्तातली एबीएस प्लॅस्टिकची बऱ्याचदा कोपऱ्याला तडकते. चाकं दुकानातच फरशीवर फिरवून बघा, हँडल पूर्ण वर काढून हलवून बघा. बस.

बॅगेवर "एअरलाइन अप्रूव्ह्ड केबिन साइज" असा टॅग आहे, तरी काउंटरवर अडवली. तक्रार कुठे करू? (पुणे)

त्या टॅगला काही अर्थ नाही हो. कुठलीही एअरलाइन दुकानातल्या बॅगा पास करत बसत नाही, तो टॅग बॅग बनवणाऱ्याने स्वतःच छापलेला असतो. आपल्याकडे केबिन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण ११५ सेंटीमीटर धरतात, कुणी ५५-३५-२५ लिहितं तर कुणी ५५-४०-२०, आणि वजन ७ किलो. आता गंमत बघा, दुकानात बॅग आडवी पाडून टेप लावतात तो चाकांच्या वर सुरू होतो आणि हँडलच्या खाली संपतो. विमानतळावरच्या साच्यात मात्र चाकं-हँडलसकट अख्खी बॅग घालावी लागते. वर ती एक्स्पांडर चेन, ती उघडली की बॅग चार-पाच सेंटीमीटर फुगते आणि मग साच्यात जात नाही. तक्रार करायचीच असेल तर पावती घेऊन दुकानदाराकडे जा, एअरलाइनकडे नाही. आणि पुढच्या वेळी बॅग घ्यायच्या आधी तुमच्या तिकिटावरचं माप बघा, कळत नसेल तर ज्याने तिकीट काढलं त्याला विचारा.

मुलीकडे अमेरिकेला चाललोय, २८ इंची घेऊ की ३२ इंची? (सांगली)

२८. तिन्ही बाजू मिळून १५८ सेंटीमीटरच्या वर गेलं की बहुतेक ठिकाणी जादा पैसे लागतात, ३२ इंची तिथेच अडकते. मोठी बॅग घेतली की आपण ती भरतो, हा आपला स्वभाव आहे. २३ किलोची मर्यादा असताना ३२ इंचीत अर्धं घर जातं आणि मग काउंटरसमोर बॅग उघडून साड्या बाहेर काढायची वेळ येते, सगळी रांग बघत असते, मी त्या बाजूने शेकडो वेळा बघितलंय. लटकवायचा डिजिटल काटा घ्या, पाचशेच्या आसपास मिळतो. किती बॅगा मिळणार हे शेजारच्यांच्या अनुभवावरून ठरवू नका, आता एकाच विमानात एका भाड्याला दोन बॅगा आणि दुसऱ्याला एक असंही असतं. तुमच्या तिकिटावर काय छापलंय ते वाचा.

डिजियात्रा सक्तीचं आहे का? (नागपूर)

नाही. चेहरा ओळखून आत सोडणारं ते ॲप आहे, घ्यायचं की नाही ही तुमची इच्छा. आधार कार्ड दाखवून नेहमीच्या रांगेतून आरामात जाता येतं. घ्यायचंच असेल तर एवढं लक्षात ठेवा की ते देशातल्या विमानांसाठी आहे, दर प्रवासाला बोर्डिंग पास त्यात नव्याने टाकावा लागतो, आणि तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं नाही तर गेट उघडत नाही. आपल्याकडे आधारवर मधे वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव असतं आणि तिकीट काढताना ते गाळतात, तिथे घोळ होतो. २०२४ मध्ये जुनं ॲप बंद होऊन नवीन आलं, तुमच्या फोनमध्ये आधीचंच पडून असेल तर काढून टाका. ओळखपत्र खिशात ठेवाच, मशीन आहे, कधीतरी तोंड ओळखत नाही.

वेब चेक-इन करताना सीटचे पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आता हे कंपल्सरी झालंय का? (कोल्हापूर)

कंपल्सरी नाही, पण तसं वाटावं अशीच ती स्क्रीन केलेली असते. पैशांचं बटण मोठं आणि रंगीत, "सीट न निवडता पुढे जा" तळाशी बारीक, करड्या अक्षरात. ते शोधा. तिकीट काढतानाही विमा, दान, "प्रायॉरिटी" असल्या खुणा आधीच केलेल्या दिसल्या तर काढून टाका. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या तेरा युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ग्राहकाला न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं हीही एक आहे. तरी चालूच आहे. पैसे गेले असतील तर स्क्रीनशॉट काढून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला विचारा. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल आणि शेजारी बसायचंच असेल तर मात्र काउंटरवर नशीब बघू नका, एअरलाइनशी आधी बोला.

तिकिटावर फक्त "गोवा" आहे, कुठल्या विमानतळावर जायचं? (सोलापूर)

फक्त गोवा नसतं, तीन अक्षरांचा कोड असतो. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोन्हींत तासाभराहून जास्त अंतर आहे. मुंबईलाही आता हेच बघा, बीओएम म्हणजे नेहमीचं, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. टॅक्सीत बसायच्या आधी बघा, बसल्यावर नाही.

३०,००० एमएएचची पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकली तर स्कॅनमध्ये दिसते का? आणि केबिन बॅग गेटवर घेतली तर काय फरक पडतो, तीही विमानातच जाते ना? (ठाणे)

दिसते. आणि "दिसते का" हा प्रश्नच चुकलाय.

लिथियमची बॅटरी आतून शॉर्ट झाली की स्वतःच तापत जाते, थांबत नाही. तुमच्या जवळ असेल तर वास येतो, धूर दिसतो, क्रू धावतो. खाली मालाच्या कप्प्यात कोण बघणार? म्हणून पॉवर बँक चेक-इनमध्ये नाही, सुटी बॅटरी नाही, कुणाच्या ओळखीवर नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर निघायच्या तयारीतलं विमान पेटलं, आग डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून सुरू झाली आणि संशय पॉवर बँकेवर गेला. विमान जमिनीवर होतं म्हणून माणसं बाहेर आली. त्यानंतर तिथे नियम आला की पॉवर बँक वरच्या कप्प्यात नको, स्वतःजवळ ठेवा. एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी केली. बाकीच्यांचेही नियम कडक होताहेत, तेव्हा निघायच्या आठवड्यात तुमच्या एअरलाइनचं पान बघा, गेल्या वर्षी चाललं होतं हे उत्तर नाही.

आता तुमच्या ३०,००० चं. मोजायचं असतं वॅट-अवरमध्ये. एमएएचला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० चे ७४ होतात, चालतं. ३०,००० चे १११ होतात, आणि १०० च्या वर १६० पर्यंत एअरलाइनची आधी परवानगी लागते, १६० च्या वर विषय संपला. स्वस्तातल्या पॉवर बँकेवर आकडा मोठा छापलेला असतो आणि आत तेवढं नसतं, म्हणजे खोटी फुशारकी मारायला जाऊन तुमची वस्तू सिक्युरिटीत जप्त होते. आकडा पुसला गेला असेल तरी तेच. ज्यांनी बॅटरीवाली "स्मार्ट" ट्रॉली घेतलीय त्यांनी बॅटरी निघते का ते आजच बघा, निघत नसेल तर ती बॅग तुम्ही चेक-इनला देऊ शकत नाही.

आणि गेटवर घेतलेली बॅग. हा माझा जुना राग आहे. विमान भरलेलं असलं की, किंवा पंख्याचं छोटं एटीआर विमान असलं की, शिडीपाशी माणूस उभा असतो, ट्रॉलीला टॅग लावतो आणि खाली पाठवतो. त्या क्षणी तुमची केबिन बॅग चेक-इन बॅग झाली, पण आतलं सामान अजून केबिनचंच आहे. पॉवर बँक, पासपोर्ट, दागिने, घराची किल्ली, औषधं. माझ्याकडच्या एक काकू, वय ७१, मुलाकडे कॅनडाला चाललेल्या, मुंबईहून दिल्ली आणि पुढे. मुंबईत गेटवर ट्रॉली घेतली, त्यांना वाटलं दिल्लीला परत मिळेल, पण टॅग थेट टोरोंटोचा लागला होता. दिल्लीत बेल्टवर पाऊण तास उभ्या. बीपीच्या गोळ्या त्या ट्रॉलीत, इन्सुलिन त्या ट्रॉलीत. रात्री अकरा वाजता मुलाचा मला फोन, आणि मी इथून काय करणार? विमानतळावरच्या औषधाच्या दुकानात प्रिस्क्रिप्शन मागितलं, तेही ट्रॉलीत. शेवटी मुलाने त्यांच्या डॉक्टरांना उठवून व्हॉट्सॲपवर मागवलं.

म्हणून सांगते, ट्रॉलीत वरतीच एक कापडी पिशवी ठेवा, साधी, भाजीला नेतो तशी. तिच्यात औषधं, प्रिस्क्रिप्शन, पासपोर्ट, पैसे, बॅटऱ्या. टॅग लावायला कुणी हात पुढे केला की ती पिशवी उपसा आणि मग ट्रॉली द्या, आणि विचारा की ही मला कुठे मिळणार. विचारायला लाजू नका. इन्सुलिन तर खाली द्यायचंच नाही, ते गोठलं तर वाया गेलं. लांबच्या प्रवासात घड्याळ बदलतं तेव्हा डोस कधी घ्यायचा हे मला विचारू नका. तुमच्या डॉक्टरांना निघायच्या आधी भेटा.

बॅग आली नाही, रात्र झाली होती म्हणून घरी आलो. दहा दिवसांनी मेल केला, उत्तर नाही. (छत्रपती संभाजीनगर)

दहा दिवस काय करत होतात? बाहेर पडायच्या आधी, त्याच हॉलमधल्या काउंटरवर, पीआयआर नावाचा फॉर्म भरून नंबर घ्यायचा असतो, तो नंबर नसेल तर तुमचं सगळं नुसतं बोलणं ठरतं. बॅग फुटली असेल तर हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी. देशातल्या प्रवासात भरपाईची वरची मर्यादा २०,००० रुपये, आणि ती मर्यादा आहे, हक्काची रक्कम नाही, पावत्या मागतात. आता बोर्डिंग पास आणि बॅगेचा टॅग शोधा, एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, आज, आणि रक्कम मोठी असेल तर ग्राहक आयोगाचं काम करणाऱ्या वकिलाला गाठा. उद्या नको.

बॅगेत एअरटॅग टाकला तर चालतो का? (डोंबिवली)

चालतो. बॅग कुठे आहे ते कळतं, बॅग परत येत नाही, त्याला फॉर्मच लागतो.

दुबईला मुलाकडे फराळ, सुकं खोबरं आणि पूजेचं सामान न्यायचंय. (रत्नागिरी)

कापूर आणि काडेपेटी घरी ठेवा. सुकं खोबरंही तेलामुळे स्वतःहून तापणाऱ्या पदार्थांत धरतात, आंतरराष्ट्रीय धोकादायक मालाच्या यादीत त्याचा नंबर आहे, १३६३, तेव्हा अख्ख्या वाट्या नेऊ नका, किसलेलं चालेल का तेही एअरलाइनलाच विचारा. लोणचं चेक-इनमध्ये, घट्ट बंद करून. पण खरी गोष्ट वेगळीच आहे, अनारसे. खसखस. अमिरातीत खसखस बंदी घातलेल्या वस्तूंत येते आणि तिथे हा विषय थट्टेचा नाही. अनारसे नकोत, खसखस घातलेला मसाला नको, ज्या डब्यात खसखस होती तो डबाही धुऊन घ्या. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या यांना तिथल्या सरकारची आधी परवानगी लागते, डॉक्टरांना यादी दाखवा. चकली खुशाल न्या. आणि आंब्याचं विचारणाऱ्या तिघांनाही इथेच सांगते, अमेरिकेला हापूस बॅगेतून न्यायचा नाही, तिकडे विकत मिळतो तोच खा.

गुगलवर एअरलाइनचा नंबर शोधला, त्या माणसाने रिफंडसाठी एक ॲप टाकायला सांगितलं. टाकलंय, पैसे अजून आले नाहीत. (पनवेल)

तो एअरलाइनचा माणूस नाही. पहिल्या आलेल्या नंबरवर विश्वास ठेवायचा नसतो, नंबर एअरलाइनच्या ॲपमधून किंवा तिकिटावरून घ्यायचा. आत्ता फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा आणि लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. बाकीचं उत्तर नंतर वाचा.