पवना धरणावर कयाक चालवली आहे, मग लेक सुपीरियरवर गाइड कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये अमेरिकेत लेक सुपीरियरच्या काठी ड्युलुथला बहिणीकडे जाताय, तिथून त्याच तळ्यातल्या अपोसल आयलंड्स या बेटांच्या भागातल्या, कड्यात कोरल्या गेलेल्या गुहा कयाकमधून बघायच्या आहेत, दोघांनाही चांगलं पोहता येतं, पवनेवर चार-पाच वेळा कयाक चालवली आहे. मग भाड्याने कयाक घेऊन आपले आपण गेलो तर चालेल का?

नाही. पहिल्या वेळी गाइडबरोबरच जा. मी मिनियापोलिसला राहतो, उन्हाळ्यात जमेल तेव्हा त्या पाण्यावर वल्हवतो, आणि अजूनही तीनातला एक बेत किनाऱ्यावरूनच मोडून परत येतो.

'लेक' या शब्दाने आपण फसतो. क्षेत्रफळ सुमारे 82,000 चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा कोकण विभाग अडीच वेळा मावेल. सर्वात खोल जागी 406 मीटर. नोव्हेंबर 1975 मध्ये एडमंड फिट्झगेराल्ड हे 222 मीटर लांबीचं मालवाहू जहाज याच तळ्यात वादळात बुडालं, वरची 29 माणसं गेली. ऑगस्ट म्हणजे काही नोव्हेंबर नव्हे, मान्य. पण पाणी तेच.

पोहता येतं ही जमेची बाजू आहेच, पण इथे माणूस बहुतेक वेळा पोहता न आल्याने नाही, थंडीने हरतो. मी पहिल्यांदा शिकायला गेलो तो जून होता. ऊन छान, मी टी-शर्टवर घाम पुसतोय आणि शिकवणारी बाई वेटसूट घाला म्हणून मागे लागलेली. कमरेएवढ्या पाण्यात तिने मुद्दाम कयाक उलटवायला लावली. डोकं पाण्याखाली गेलं आणि वर येताच छातीतून आपोआप असा मोठा श्वास ओढला गेला की मी अजून पाण्याखाली असतो तर पाणीच ओढलं असतं. मग वल्ह्याला बांधायचा फुगा तोंडाने फुगवायचा होता. त्याची इवलीशी नळी बोटांत धरायची, तर चिमूटच होईना. अंगठा आणि तर्जनी समोर दिसतायत, पण एकमेकांना भेटत नाहीत. मला पाण्यात पडून पाच मिनिटंही झाली नव्हती.

मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीझब्रेख्त यांनी थंड पाण्यासाठी एक-दहा-एक असा हिशेब रूढ केला: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे असेपर्यंत दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. हे आकडे अगदी गार पाण्याचे आहेत. ऑगस्टमध्ये काठाजवळ पाणी बरंच सुसह्य असतं, पण त्यावर विसंबू नका. वारा वरचं कोमट पाणी ढकलून नेतो, खालचं गार पाणी वर येतं, आणि काल डुंबलात तिथे आज पाय ठेववत नाही. म्हणून कपडे हवेकडे नाही, पाण्याकडे बघून घालायचे. लाइफ जॅकेट अंगावर, बंद लावून. कयाकच्या मागे दोरीला अडकवून नाही. पडल्यावर ते घालायचं म्हणजे पुन्हा तीच चिमूट लागते.

आता वारा. शाळेतले खारे वारे आणि मतलई वारे आठवतायत? इथलं पाणी गोडं, तेव्हा 'खारे' म्हणायची सोय नाही, पण खेळ तोच. दुपारी जमीन तापली की पाण्यावरून वारा येऊ लागतो, म्हणून सकाळी लवकर निघून जेवायच्या आत परतायचं. जमिनीकडून पाण्याकडे जाणारा वारा त्याहून लबाड. गुहांकडे जायला जिथून कयाक पाण्यात घालतात त्या मेयर्स बीचवर लेक उत्तरेला आहे. दक्षिणेचा वारा असला की कड्याच्या आडोशाला पाणी आरशासारखं, आणि अर्धा-एक किलोमीटर आत पांढरे तुरे. किनाऱ्यावरून ते नीट दिसत नाहीत. तुम्ही गप्पा मारत थोडं बाहेर सरकता आणि परत वळल्यावर कळतं की वल्ही मारतोय पण कडा जवळ येत नाही.

उलट वारा उत्तरेचा असेल तर लाटा थेट गुहांवर. समुद्राच्या लांब, संथ लाटेसारखी ही लाट नसते. आखूड, उभी, एकीच्या पाठीला दुसरी. ती वालुकाश्माच्या कड्यावर आपटून मागे येते आणि येणाऱ्या लाटेत मिसळते, तेव्हा पाणी कुठल्या बाजूने उसळेल याचा अंदाज येत नाही. गुहा सुरू झाल्या की बराच वेळ उतरायला किनारा नाही, नुसती भिंत.

त्यामुळे नावही साधी चालत नाही. पवनेवर मिळते तशी वर बसायची रुंद प्लास्टिकची कयाक किंवा उघडी कनू इथे नको, असं नॅशनल पार्क सर्व्हिसही सांगते. लांब सी कयाक हवी, पुढेमागे बंद कप्पे असलेली, कंबरेला स्प्रे स्कर्ट, म्हणजे बसायच्या जागेत पाणी शिरू न देणारा पडदा. आणि उलटल्यावर दुसऱ्याच्या मदतीने परत चढण्याचा सराव. गाइड लोक निघण्याआधी हे थोडंफार करून घेतात. कोणी नुसतं 'काही होत नाही हो' म्हणून पाण्यात सोडत असेल तर पैसे परत मागा. (मला असा एक भेटलाय. मागितले. मिळाले नाहीत, ती गोष्ट वेगळी.)

निघायच्या सकाळी हवामानाच्या ॲपवरचं सूर्याचं चित्र बघू नका. एनओएए या अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेचा किनाऱ्यालगतच्या पाण्याचा अंदाज वाचा, त्यात वारा नॉटमध्ये आणि लाटा फुटांत दिलेल्या असतात. माझी स्वतःची मर्यादा: वारा 12 नॉटच्या (ताशी सुमारे 22 किलोमीटरच्या) वर किंवा लाट दीड फुटाच्या वर असेल तर मी उतरत नाही. कुठे जाताय, किती वाजता परत येणार, हे बहिणीला सांगून जा, आणि त्या वेळेनंतर किती वाट बघून 911 ला (तिथला आणीबाणीचा नंबर) फोन करायचा तेही ठरवा. मोबाइलची रेंज तिथे भरवशाची नाही. गाइडकडे व्हीएचएफ रेडिओ (बोटींवरचा बिनतारी संच) आहे का विचारा, कोस्ट गार्ड चॅनेल 16 वर ऐकतं.

गुहांसाठी एकच दिवस ठेवू नका, दोन-तीन मोकळे ठेवा. तरी जमलं नाही तर मेयर्स बीचवरूनच कड्याच्या माथ्याने पायवाट जाते. चांगले बूट आणि डास पळवायचं मलम घ्या. खाली लाटा गुहेत शिरताना जो गडगडाट होतो तो वरून जास्त चांगला ऐकू येतो.