दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना हगवण लागते, कोणतं प्रोबायोटिक द्यावं?

प्रोबायोटिकच्या डब्याचं नंतर पाहू. आधी हे सांगा, पिल्लं आईपासून तोडली कितव्या दिवशी? तुम्ही जात लिहिली, वजन लिहिलं, "पोटातले चांगले जिवाणू वाढवायचे आहेत" हेही लिहिलं, आणि नेमका तो आकडा गाळला. आमच्याकडे सगळं त्या आकड्यापायीच झालं.

नागपूरजवळ उमरेड रोडला आमच्या पाच डुकरिणी आहेत, यॉर्कशायर जातीच्या. मोठा भाऊ नोकरीवाला. पैसा त्याचा, राबणं माझं. कुठल्याशा ट्रेनिंगहून तो वही भरून घेऊन आला. हिशोब असा: गाभणकाळ ११४ दिवस, दूध ५६ दिवस, मग आठवडाभरात माजावर. म्हणजे वर्षाला जेमतेम दोन वेत. तेच २८व्या दिवशी दूध तोडलं तर जवळपास अडीच. कागदावर चूक काहीच नाही. मी म्हटलं, दादा, डिसेंबर आहे, थोडं थांबू. तो म्हणाला, "काहून थांबायचं? परदेशात २८ दिवसांवरच तोडून राहिले."

तीन वेतांची २३ पिल्लं एकाच दिवशी उचलली आणि रिकाम्या सिमेंटच्या कप्प्यात एकत्र सोडली. रात्री पारा नऊवर. एकमेकांना ओळखत नाहीत, रात्रभर नुसती भांडणं. त्यात खाद्य. सोयाबीनचा भाव पडला होता, घरी पोतं पडून होतं, तेच कच्चं दळून मक्याच्या भरड्यात मिसळलं. ही अक्कल मात्र माझी, दादाची नाही. दोन दिवस पिल्लांनी तोंडच लावलं नाही, तिसऱ्या दिवशी भुकेनं तुटून पडली. चौथ्या दिवशी सकाळी कप्प्यात पिवळं पाणी, शेपट्या ओल्या, डोळे खोल गेलेले. दादानं दुकानातून अँटिबायोटिकची पावडर आणली आणि पाण्यात टाकली. दोन दिवस थांबलं, मग पहिल्यापेक्षा जोरात सुरू झालं. आठवड्यात नऊ गेली.

त्यातलं एक डॉक्टरांनी माझ्यासमोर कापलं. जठर भरड्यानं गच्च, खाल्लं तसंच्या तसं. आतडं फुगलेलं, पातळ, आत नुसतं पाणी. ते म्हणाले, औषध चुकलं का हे विचारू नकोस, आंबटपणा कुठे गेला ते विचार. पिल्लू दूध पितं तोवर दुधातल्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या वयात पिल्लाच्या जठराचं स्वतःचं आम्ल फार कमी, हे उसनं आम्लच हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जिवाणूला आवरून धरतं. दुधातून येणारी प्रतिपिंडं वरून राखण करतात. दूध तुटलं की दोन्ही एका दिवसात बंद. दोन दिवस उपास पडला की आतड्याच्या आतली लव झिजते, मग प्रथिन पचत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये तर प्रथिन पचवणाऱ्या ट्रिप्सिनलाच अडवणारा पदार्थ असतो. न पचलेलं खाली जाऊन सडतं आणि ई. कोलायची चंगळ होते. ते आतड्याला चिकटून विष सोडतं, आणि अंगातलं पाणी-मीठ उलटं आतड्यात ओतलं जातं. पिल्लू मरतं ते पाणी संपून. आम्ही मात्र त्या आठवड्यात पावडर पाजत बसलो, जिनं उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही मेले असतील. ओआरएसची पुडी कोणाला सुचलीच नाही.

आणि दादाचं ते परदेश. तिथं शेडमध्ये ऊब, दूध पावडर घातलेलं प्री-स्टार्टर (पिल्लांचं पहिलं खाद्य), आणि वर्षानुवर्षं खाद्यात झिंक ऑक्साइडचा औषधी डोस. तोही युरोपनं जून २०२२ मध्ये बंद केला, कारण झिंक शेणातून जमिनीत साठतं. आपण त्यांचा फक्त २८चा आकडा उचलला.

आता मी ४५ दिवसांच्या आत तोडत नाही. पिल्लं जागेवरच, आईला हलवतो. खाली धानाचं तणस जाड अंथरतो, वाऱ्याच्या बाजूला पोती लावतो. दोन आठवड्यांची झाली की आईजवळ असतानाच चिमूटभर ओला भरडा समोर ठेवतो. सोयाबीन भाजूनच, नाहीतर डीओसी म्हणजे तेल काढलेली सोयापेंड, तीही बेतानं. तोडल्यावर पहिला आठवडा दिवसातून चारदा थोडं थोडं. सरकीची ढेप पिल्लांना दाखवूसुद्धा नका.

राहिला तुमचा डबा. मी घरचं आंबट ताक भरड्यात कालवतो, बिनमिठाचं. त्यानं हगवण थांबते असा माझा दावा नाही. डबा घ्यायचाच असेल तर दूध तोडायच्या आठवडाभर आधी सुरू करा, आणि अँटिबायोटिकच्या पाण्यात मिसळू नका. एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्यानं उपटायचं होतं ते. हगवण सुरू झाली असेल तर लिटरभर पाण्यात ओआरएसची एक पुडी, पसरट भांड्यात, शेजारी साधं पाणीही.

अँटिबायोटिक कधीच नको असं नाही. डॉक्टरांनी तपासून दिलं तर पूर्ण द्या. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर मात्र आपल्याकडे खाण्याच्या जनावरांसाठी २०१९ पासून बंदी आहे, कोणी काढून दिलं तरी घेऊ नका. आणि शेणात रक्त असेल, ताप असेल, कान जांभळे पडले असतील, मोठी डुकरंही पडायला लागली असतील तर माझं हे उत्तर सोडा, स्वाइन फीव्हर, म्हणजे डुकरांचा साथीचा ताप, असू शकतो. नागपुरात असाल तर सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय कॉलेज गाठा. हॉटेलचं खरकटं घालत असाल तर याच रोगाच्या भीतीनं उकळूनच.

२८ आणि ४५ मधला फरक मी नंतर त्याच वहीत काढला. पाच डुकरिणींमागे वर्षाला दहाएक पिल्लं जास्तीची. नऊ एका आठवड्यात गेली होती. दादा म्हणतो ती थंडीनं गेली, २८नं नाही. तर तुमची कितव्या दिवशी तोडली आणि थंडी होती का, तेवढं कमेंटमध्ये लिहा, त्याला दाखवायचं आहे.